जिभेवर बसलेला फौजदार

आधी माझाच गुन्हा सांगतो. दुसऱ्याच्या गुन्ह्यांवर आपण वर्षानुवर्षं लिहीत आलो. एकदा आपल्या घरची झडती घेऊ.

साल १९९४. साताऱ्यातलं एक वसतिगृह. खोलीत आम्ही चौघं. तिघं बौद्धवाड्यातले, एक कैकाडी, फलटणकडचा. भिंतीवर बाबासाहेब, माझ्या उशाशी 'गोलपिठा', आणि तोंडात दिवसरात्र विद्रोह. एका रविवारी त्याचा बाप आला. एस.टी.नं आलेला, खांद्यावर पटकुराचं गाठोडं, त्यात भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. दोस्त आमच्यासमोर बापाला म्हणाला, "आबा, कवा आलासा?" बाप क्षणभर त्याच्याकडं बघतच राहिला. मग त्यानंही मराठीतच उत्तर दिलं, परक्याला द्यावं तसं. दोघं उठले, पाण्याच्या टाकीमागं गेले. आणि तिथं त्यांची भाषा सुटली. मी मोरीवर तोंड धूत होतो. एक अक्षर कळलं नाही, पण दोस्ताचा आवाज मी पहिल्यांदा असा ऐकला. मोकळा. बापाशी पोरगं बोलतं तसा.

मी काय केलं? रात्री खोलीत त्याची नक्कल केली. "अंडू गुंडू थंडा पानी." सगळे पोट धरून हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या वसतिगृहात त्याचं नाव पडलं 'मद्रासी'. त्यानंतर त्याचा बाप खोलीत कधी आला नाही. येत असणार, पण स्टँडवरच भेटून जात असणार. आणि बाप मेला तेव्हा दोस्त आठ दिवसांनी परत आला, पुस्तक उघडून बसला, कुणाशी काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

मित्रांनो, हा लेख त्या आठ दिवसांबद्दल आहे.

मला तर कळायला पाहिजे होतं. कारण माझ्याही जिभेवर मार बसलेला होता. खटाव तालुक्यातल्या गावच्या शाळेत दुसरीत मी म्हणालो होतो, "गुर्जी, पानी प्यायला जाऊ का?" गुरुजींनी उभं केलं. "पानी नाही, पाणी. म्हण दहा वेळा." मी दहा वेळा म्हटलं आणि वर्ग दहा वेळा हसला. घरी येऊन मी तो राग आईवर काढला. ती म्हणाली, "पाणी म्हनलं काय आन् पानी म्हनलं काय, तहान तीच की रं." माय माझी अडाणी, पण तेवढं भाषाशास्त्र तिला ठाऊक होतं. मला ते यायला तीस वर्षं लागली. ज्याला 'ण'वरून हसले, त्यानंच दुसऱ्याला आख्ख्या भाषेवरून हसावं, ही आपल्या क्रांतीची लायकी!

आता ही भाषा कुठली ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईतल्या आपल्या बहुतेक पोरांना ती आहे हेच ठाऊक नाही.

कैकाडी ही द्राविडी भाषा आहे, तमिळच्या नात्यातली. तिकडच्या कोरवा, येरुकला लोकांच्या बोलीची बहीण. वडारी ही तेलुगूच्या नात्यातली. दोनाला दोघीही थोड्याफार फरकानं 'रेंडू' म्हणणार. सातारा-सांगलीच्या गावांत कैकाड्यांची बिऱ्हाडं गाढवांवर संसार टाकून पिढ्यान्‌पिढ्या हिंडली. तुरकाट्या, निरगुडीचे फोक, शिंदीची पानं यातून कणग्या, टोपल्या, डालगी विणली. कुणब्याचं धान्य ह्यांच्या कणगीत, ह्यांचं पोट उपाशी. वडारांनी घण-टाकीनं दगड फोडला, विहिरी काढल्या, जाती-पाटे घडवले. ज्या जात्यावर साऱ्या महाराष्ट्रानं ओव्या म्हटल्या, ते जातं घडवणाऱ्याची भाषा महाराष्ट्राच्या कानात कधी शिरली नाही.

इंग्रज सरकारच्या ग्रियर्सननं भाषांचं सर्वेक्षण केलं. त्याच्या १९०६ च्या चौथ्या खंडात कैकाडी आहे, वडारीही आहे. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या कागदावर ती होती. आणि आपल्या सरकारच्या कागदावर? जनगणनेच्या भाषांच्या तक्त्यात कैकाडी तमिळच्या पोटात टाकलेली आहे, वडारी तेलुगूच्या पोटात आणि पारधी भिलीच्या पोटात. फलटणच्या माळावर जन्मलेला, ज्याच्या सात पिढ्यांनी तामिळनाडू पाहिलेला नाही तो कागदावर तमिळ! बरं, तोही कधी? त्यानं आपली मातृभाषा 'कैकाडी' अशी सांगितली तर. बहुतेक वेळा तो सांगतच नाही. मास्तर दारात येतो, वस्तीकडं बघतो, न विचारताच 'मराठी' लिहितो आणि पुढच्या दाराला जातो.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं भरली १९,५६९. सरकारनं चाळण लावून त्यातली ठेवली १,३६९. दहा हजारांहून जास्त बोलणाऱ्या मातृभाषा उरल्या २७० आणि त्या कोंबून शेवटी 'भाषा' म्हणून मोजल्या १२१. ह्यात चुका, दुहेरी नावं, गावांची-जातींची नावं असणार, हे मान्य. पण चाळणीतून काय खाली पडलं, हे खाली पडलेल्याला कुणी विचारलं?

तरी कागदाचं दुखणं वरवरचं. खरं दुखणं जिभेच्या मुळाशी आहे. दोस्त टाकीमागं का गेला?

कारण १८७१ चा कायदा. गुन्हेगार जमातींचा कायदा. जन्मलेलं पोर पाळण्यातच गुन्हेगार. मुंबई इलाख्यात त्या यादीत कैकाडी आले, पारधी आले, मांग-गारुडी आले. गावात बिऱ्हाड पडलं की पाटलाकडं आणि चौकीत हजेरी. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत. अशा माणसानं दुसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बायकोला नुसतं म्हटलं की चूल पेटव, तर शिपाई काय समजणार? ह्यांचा काहीतरी बेत चाललाय! पांढरपेशा माणूस ज्याला संस्कृती म्हणतो, मातृभाषा म्हणतो, ती ह्यांच्या बाबतीत पोलिसाच्या वहीत पुरावा झाली. बामनाचं पोर संस्कृत पुटपुटलं की विद्वान, कैकाड्याचं पोर घरची भाषा बोललं की चोरांची सांकेतिक बोली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. कुंपणाची तार तुटली. पण फौजदार उठला नाही, तो जिभेवर बसून राहिला. आईच पोराला दटावायला लागली, बाजारात आपलं बोलू नगं, मराठी बोल. त्या माऊलीला दोष देण्याची माझी छाती नाही. तिनं पोराचं अंग वाचवलं.

आणि कायदा गेल्यावर शासनानं त्यांना काय दिलं? एकच कैकाडी विदर्भातल्या जुन्या आठ जिल्ह्यांच्या पट्ट्यात अनुसूचित जातीत, आणि साताऱ्यात तो विमुक्त जातीत. रेषेच्या अलीकडं एक, पलीकडं दुसरा. जात एक, दारिद्र्य एक, भाषा एक, कागद दोन.

याच सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० ला आलं. १९८१ ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाङ्मयाच्या दिवाणखान्यात कैकाड्याचं बिऱ्हाड गाढवांसकट शिरलं. आपण टाळ्या पिटल्या. पण ते पुस्तक मराठीत होतं म्हणून आपण ते वाचू शकलो, हे आपल्या ध्यानात आलं का? तिथवर यायला लेखकाला एक आख्खी भाषा ओलांडावी लागली. आपण त्यानं ओलांडलेलं अंतर मोजलंच नाही. पलीकडच्या काठावर काय राहिलं, हेही विचारलं नाही.

आता सांगलीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या एका वडार वस्तीत जयंतीला वक्ता म्हणून गेलो. 'सांस्कृतिक वर्चस्व', 'मूल्यव्यवस्था', 'पर्यायी सौंदर्यशास्त्र' असं दीड तास फेकलं. शेवटच्या रांगेत म्हाताऱ्या बसलेल्या. त्यातली एक मध्येच वडारीत काहीतरी बोलली आणि सगळ्या बाया फिस्सकन हसल्या. मी पोराला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "काय न्हाई सर, जेवायला थांबा म्हनतीया." जेवताना त्यालाच राहवलं नाही. खालमानेनं सांगितलं, "म्हातारी म्हनली, ह्या बाबाचं भांडान कुनाशी हाय आन् वरडतोय कुनावर?"

दीड तासात मी जे बोललो नाही ते तिनं एका वाक्यात बोललं. आणि ते ऐकायला मला दुभाष्या लागला.

याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ, याच जिल्ह्यातल्या आटपाडीचे शंकरराव खरात. त्यांनी गावकुसाबाहेरची बोली छापखान्यात नेली. १९७२ ला ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा सदाशिवपेठी वाचकाला शब्द अडायला लागले आणि आपल्याला आसुरी आनंद झाला. बरोबरच होता तो आनंद! हजारो वर्षं तुमचे शब्द आम्हाला अडले, आता आमचे तुम्हाला अडू द्या. पण मग वडार म्हातारीचे शब्द मला अडले तेव्हा मी कोण झालो? मी झालो सदाशिव पेठ. हे लिहिताना हात थरथरतो, पण झालो.

हा सगळा गुंता मला सुटला तो लांबच्या एका माणसामुळं.

पुण्यात येरवड्याच्या बाजूला मी राहत होतो तेव्हा शेजारच्या खोलीत युगांडाचा एक विद्यार्थी भाड्यानं राहायला आला. चाळीतले त्याला 'हबशी' म्हणायचे, आपले लोकसुद्धा. रोज पहाटे नगरपालिकेची बाई रस्ता झाडायची. हा तिच्यासमोरून जाताना मान किंचित लववून काहीतरी पुटपुटायचा. तिला आधी वाटलं चेष्टा करतोय. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडं लुगांडात म्हणतात, ग्येबाले को. कुणी काम करताना दिसलं की त्याला हे म्हटल्याशिवाय पुढं जाणं बरं दिसत नाही. खणत असो, धूत असो, झाडत असो." अर्थ साधारण असा, की शाब्बास, तू काम करतोयस, तुझे आभार.

मी रात्रभर मराठीत तसा शब्द शोधत होतो. झाडणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? "ओ मावशी, हिकडं राहिलं बघा." गावात काय होतं? खालून वर जाणारा 'जोहार मायबाप'. बाबासाहेबांच्या माणसांनी तो जोहार गाडला आणि 'जयभीम' आणला, बरोबरीनं डोळ्यात डोळे घालून म्हणायचा. पण घाम गाळणाऱ्याला तो घाम गाळत असताना, वाटेनं जाणाऱ्यानं उपकार मानून म्हणायचा शब्द? मला सापडला नाही. आपल्या कोणत्या बोलीत असेल तर कळवा, मी पाया पडेन.

लुगांडा ही गांडा लोकांची भाषा. त्यांचं व्याकरणच मजेशीर, शब्दाचं डोकं बदलतं. माणूस एक असेल तर मुगांडा, अनेक असतील तर बागांडा, मुलूख बुगांडा आणि भाषा लुगांडा. देशाच्या लोकसंख्येत हे लोक सुमारे सहावा हिस्सा, पण राजधानी कंपाला त्यांच्या मुलखात, म्हणून बाजारात, टॅक्सीत, रेडिओवर हीच भाषा. देशात चाळीसच्या आसपास भाषा आणि कारभार चालतो इंग्रजीत. २००५ ला स्वाहिली दुसरी राजभाषा म्हणून घटनेत आली. लुगांडाला देशाच्या राजभाषेचा मान नाही. तरी ती जगली. १८९६ ला तिच्यात आख्खं बायबल छापून झालं. १९९४ पासून 'बुकेद्दे' नावाचं दैनिक निघतं, शब्दाचा अर्थ 'उजाडलं'. २००९ च्या सप्टेंबरात दंगली झाल्या तेव्हा सरकारनं बुगांडा राज्याचं रेडिओ केंद्र बंद पाडलं, ते वर्षभरानं सुरू झालं. रेडिओला सरकार भ्यालं, कारण रस्त्यावरचा माणूस त्या भाषेत ऐकत होता. माणसं ऐकतात त्या भाषेला सरकार भितं, हे ध्यानात ठेवा.

आणि गंमत ऐका. लुगांडात दुकानाला म्हणतात 'एद्दूका'. गाडीला 'एग्गाली'. रेल्वेला म्हणतात धुराची गाडी, आपण आगगाडी म्हणतो तसंच. हे 'दुकान' नि 'गाडी' तिथं नेले कुणी? आपल्याकडून गेलेल्या मजुरांनी नि व्यापाऱ्यांनी. इंग्रजांनी रूळ टाकायला हिंदुस्थानातून मजूर नेले, मागोमाग दुकानदार गेले. पोरगा जिंजाकडचा. तिथं काकिराला भारतीय मालकाचा प्रचंड साखर कारखाना आणि उसाचे मळे. सांगली-साताऱ्याचाच देखावा, फक्त मालक आपल्या रंगाचा आणि तोडणारा काळा. तो म्हणाला, "माझ्या आज्याच्या मालकाला आमची भाषा येत होती. पण फक्त आज्ञा. आण, ने, उचल, चल. 'तू कसा आहेस' एवढं वाक्य त्याला येत नव्हतं." १९७२ ला इदी अमीननं नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकलून लावलं. तो जुलूमच होता, हजारोंचे संसार उद्ध्वस्त झाले, त्याचं समर्थन मी करत नाही. पण आज्ञार्थापलीकडं ज्याची भाषा शिकलो नाही, त्याच्या मनात काय साचतंय ते आपल्याला कळणार कसं? गावातल्या पाटलाच्या तोंडून आपल्या आज्यानं तरी आज्ञार्थाशिवाय दुसरं व्याकरण ऐकलं होतं का?

इथपर्यंत ऐकून मी लुगांडाच्या प्रेमात पडलो. म्हटलं, वा, शोषितांची भाषा ताठ उभी आहे! तेव्हा तो हसला आणि माझ्या फुग्याला टाचणी लावली. म्हणाला, "ती माझी भाषा नाही. मी सोगा. माझी भाषा लुसोगा. कंपालात मी तोंड उघडलं की पोरं हसायची, आला खेडवळ. मग मी लुगांडा त्यांच्यासारखी बोलायला शिकलो आणि आईचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचो."

बाहेर जाऊन! माझ्या डोळ्यापुढं साताऱ्याची पाण्याची टाकी उभी राहिली.

मग त्यानं इतिहास सांगितला. इंग्रजांनी पूर्वेकडचा मुलूख जिंकताना गांडा सरदारांना हाताशी धरलं, त्यांनाच तिथं कारभारी नेमलं. त्यांच्याबरोबर चर्चमध्ये, शाळेत लुगांडा गेली. सोगांच्या पोरांनी देवाची प्रार्थनाही शेजाऱ्याच्या भाषेत शिकली. इंग्रजीसमोर दबलेली भाषा, आणि लुसोगासमोर दाबणारी. शिवाय त्याच भाषेत राजाचा थाट आणि बायकांनी गुडघे टेकून नमस्कार करण्याची रीतही. म्हणजे कुठलीच भाषा सोवळी नाही. भाषेत घाम करणाऱ्याचे आभारही असतात आणि गुडघे टेकायला लावणारा मालकही असतो. मराठीचं तेच आहे. दिल्लीसमोर, इंग्रजीसमोर ती रडते आणि कैकाड्याच्या पालापुढं फौजदार होते. आणि आपण दलितही त्या फौजदाराचे शिपाई होतो, हे कबूल करा.

याच कंपालात, मकेरेरे विद्यापीठात १९६२ च्या जूनमध्ये आफ्रिकी लेखकांची परिषद भरली होती. प्रवेश फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांना. लुगांडात, स्वाहिलीत लिहिणारा कितीही मोठा असो, तो 'आफ्रिकी लेखक' नव्हता. त्या परिषदेला गेलेला केनियाचा तरुण न्गुगी वा थिओंगो पुढं हाच प्रश्न घेऊन उठला. त्यानं आपल्या गिकुयू भाषेत गावकऱ्यांबरोबर नाटक केलं आणि १९७७ च्या शेवटी सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं. इंग्रजीत तो सरकारवर टीका करत होता तोवर चाललं. शेतमजुराला कळणाऱ्या भाषेत बोलला आणि गजाआड गेला. आपण ब्लॅक पँथरचं नाव घेतलं, काळ्यांच्या कविता डोक्यावर घेतल्या. पण हा धडा आपण घेतला नाही. न्गुगी २०२५ ला गेला. तो जिवंत असताना आपल्या किती अंकांनी त्याचा हा प्रश्न आपल्या वस्तीत आणून विचारला?

आता तुम्ही म्हणाल, आणि हे म्हणणारे आपलेच कार्यकर्ते असतात, की "कैकाडी बोलून पोट भरतं का? बाबासाहेब इंग्रजी शिकले म्हणून घटना लिहू शकले. पोरांना पुन्हा पालात ढकलता काय?"

प्रश्न खोटा नाही. मी त्याला बगल देणार नाही. इंग्रजी पाहिजे, मराठी पाहिजे, छातीवर बसून घेतली पाहिजे. ज्यांना भाषेच्या दारातच अडवलं गेलं त्या आपल्याला हे कुणी शिकवायला नको. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजीचं नाव दाखल झालं, तो दिवस आज विद्यार्थी दिन आहे. तोच भिवा मुंबईच्या हायस्कुलात संस्कृत मागायला गेला तर ते मिळालं नाही, फारशी घ्यावी लागली. भाषा ही सत्तेची किल्ली आहे म्हणूनच ती नाकारली गेली. पण भाऊ, किल्ली घ्यायला घर जाळावं लागतं हे कुणी सांगितलं? युगांडानं २००७ पासून सुरुवातीच्या इयत्ता स्थानिक भाषेत शिकवायचं धोरण आणलं. शहरातले आईबाप तरीही इंग्रजीच मागतात, आपल्यासारखेच. त्यांनाही पोटाची भीती आहे. पण पहिलीच्या पोराला मास्तर काय बोलतो तेच कळलं नाही तर ते पोर ढ ठरतं, मागच्या बाकावर जातं आणि शाळेतून गळतं. तिथंही आणि आटपाडीच्या माळावरही. घटनेच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सरकारनं करावी असं लिहिलंय. जत तालुक्यात कानडी शाळा आहेत, कारण कानडीला पाठीशी राज्य आहे. कैकाडीला पाठीशी कोण आहे? गाढव. तेही आता विकलंय.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी पत्र काढलं, नाव ठेवलं 'मूकनायक'. आपण समजलो मुके म्हणजे ज्यांना बोलता येत नाही ते. चूक. आपला समाज कधी मुका नव्हता, चावडीला कान नव्हते. आज कैकाडी-वडार-पारध्यांच्या बाबतीत चावडीवर आपण बसलोय. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं 'दलित' शब्दाची व्याख्या रुंद केली. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया, राजकारण-अर्थकारण-धर्माच्या नावानं पिळले जाणारे सगळे. त्या व्याख्येत मी आज एक ओळ मागतो: आणि ज्यांना बापाशी बोलायला टाकीमागं जावं लागतं ते.

मागच्या महिन्यात मी दोस्ताला फोन केला. तीस वर्षांनी ती गोष्ट काढली. म्हटलं, चुकलं माझं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तू एकटाच न्हाईस लेका. मीपण हसलोच की तवा." मी म्हटलं, मला शिकवशील? तो म्हणाला, "आता कशाला? म्हातारी गेली दोन वर्षांमागं. घरात आता कुनाशी बोलू? पोरीला येत न्हाई. मीच शिकवलं न्हाई." थोडं थांबून म्हणाला, "कधीकधी गाडी चालवताना एकटाच बोलतो. काचा वर करून."

भाषा अशी मरते. गोळीबार होत नाही, मोर्चा निघत नाही, पेपरात बातमी येत नाही. एक माणूस गाडीच्या काचा वर करतो, बस्स.

तर करायचं काय? भाषणं पुरे. २०२७ ची जनगणना तोंडावर आहे, तिच्यात जातही मोजणार आहेत. जातीसाठी आपण वस्त्यावस्त्यांत फिरणारच. तेव्हा भाषेचा रकानाही विचारा. कैकाडी, वडारी, पारधी जी असेल ती, दबून 'मराठी' सांगू नका म्हणावं. गणना करणाऱ्यानं न विचारता लिहिलं तर तिथंच उभं राहून दुरुस्त करून घ्या. सातारा-सांगलीच्या वस्तीशाळेत मास्तर पोराला घरच्या भाषेवरून हसला तर त्याला जाब विचारा, पण आधी आपल्या वसतिगृहातल्या पोरांना विचारा. पुढच्या जयंतीला व्यासपीठावर वडार म्हातारीला तिच्या भाषेत दहा मिनिटं द्या. आपल्याला कळणार नाही. बसा तसंच. तिनं आपली दीड-दीड तास ऐकली आहेत. ज्यांच्या घरात म्हातारी जिवंत आहे त्यांनी आजच बसा, तिचे शब्द वहीत उतरवा, टोपलीच्या काडीकाडीचं नाव लिहून घ्या. हे मासिक ती पानं छापेल, तसं मी संपादकांकडून कबूल करून घेतलंय.

मी दोस्ताला म्हटलंय, पुढच्या रविवारी साताऱ्याला येतो. तू गाडी चालव, मी बाजूला बसतो, तू बोल. काचा मात्र खाली.

जयभीम.